पहिलं अक्षर बं

माघ उतरणीला लागला आणि परवा सकाळी खिडकी उघडल्याबरोबर मोहोराचा वास आत आला. बाहेरगावच्या लोकांना वाटतं, हा वास गोड असतो. तसा तो नसतो. त्यात थोडा तुरटपणा असतो, थोडी कोरडी धूळ असते, आणि झाडाखालून नुसतं गेलं तरी केसांवर बारीक चिकट थर बसतो. आमच्या मालवणात माणसं त्या चिकटपणाला नाक मुरडतात आणि त्याच्याकडेच डोळे लावून बसतात. मी मात्र दर वर्षी हा वास आला की समोर दिसतील त्या वस्तूंची नावं मोठ्यानं घेते. खिडकी. गज. तुळस. दोरी. दोरीवरचा पंचा. घरातल्यांना आता याची सवय झाली आहे. नवीन कोणी पाहुणा आला तर तो जरा बिचकून बघतो.

ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी, याच वासात, माझे शब्द गेले होते.

मी तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. मालवणातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. तिसरी-चौथीचं मराठी माझ्याकडे असे. आठवडाभर पोरांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पडवीत पाय पसरून पुरवणीतलं शब्दकोडं सोडवायचं, हा माझा नेम. मुंबईचं वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं यायचं, त्यामुळे आमचा रविवार दुपारीच उजाडायचा. त्या पुरवणीचं कोडं अवघड म्हणून प्रसिद्ध होतं. सरळ अर्थ विचारणं कोडेकाराच्या स्वभावातच नव्हतं. ‘तीन डोळे असून आंधळा’ असं तो लिहायचा आणि समोर तीन रिकामी घरं ठेवायचा. तुम्ही अर्धा तास पुराणं उलथीपालथी करायची, आणि मग परसातला नारळ धप्पकन पडायचा तेव्हा कळायचं. मी ते कोडं शाईनं सोडवत असे. पेन्सिल म्हणजे मला कमीपणा वाटे.

माझ्या यजमानांना घरात सगळे अण्णा म्हणत, म्हणून इथेही अण्णाच म्हणते. ते आधी पंचायत समितीत कारकून होते आणि नुकतीच त्यांची बदली जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झाली होती. जिल्हा नवा, तेव्हा कचेऱ्याही नव्या. तांबड्या मातीत अर्धवट उभ्या असलेल्या इमारती आणि त्यात मांडलेली टेबलं. ते रोज एसटीनं जात आणि संध्याकाळी पांढऱ्या सदऱ्यावर तांबडी धूळ घेऊन परत येत. त्यांना शब्दकोड्याचं काडीचं प्रेम नव्हतं. रिकाम्या घरांत अक्षरं भरून काय मिळतं, असं ते अधूनमधून विचारत. मी उत्तर देत नसे. आनंदाचा हिशेब कारकुनाला कसा द्यायचा?

त्या दिवशी मी वर्गात शुद्धलेखन घालत होते. वाक्य अर्ध्यावर आलं आणि पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं, तर भलताच शब्द बाहेर पडला. पोरं हसली. मीही हसले. पुन्हा सांगायला गेले तर त्याहून भलता आला. मग हातातला खडू पडला, आणि तो उचलायला वाकावं तर उजवा हात माझं ऐकेना. पोरांचं हसू एकदम थांबलं. ती शांतता मला आजही ऐकू येते.

भाड्याची जीप करून मला बांद्यामार्गे गोव्याच्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब वाढून मेंदूतली एक बारीक शीर बंद पडली होती. डॉक्टरांनी अण्णांना समजावून सांगितलं की हातपाय बऱ्यापैकी सुधारतील. वाचेचं मात्र सांगता येत नाही. पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, बोलत राहणं एवढाच त्याच्यावर उपाय. मी खाटेवर पडून सगळं ऐकत होते. मला सगळं कळत होतं. हे मात्र कोणाला कळत नव्हतं.

शब्द गेले म्हणजे काय झालं, हे सांगणं अवघड आहे. ते पुसले गेले नव्हते. प्रत्येक शब्द आपल्या जागी आहे, लहान आहे की लांब, जड आहे की हलका, हेही मला जाणवायचं. पाणी हवं असलं की तो ओला, दोन अक्षरांचा शब्द घशाशी उभा असायचा. आणि तोंडातून बाहेर पडायचं, “दार.” अण्णा उठून दार उघडायचे. मी मान हलवायची, ते दार लावायचे. मला तहानेनं रडू यायचं आणि त्या रडण्यातच हसूही यायचं. आमची मुलगी सुलभा तेव्हा आठवीत होती. तिला हाक मारायला जावं तर कधी ताट, कधी सुपली, कधी रविवार. ती पोर एवढी शहाणी, की कशालाही ओ द्यायची. एकदा मी तिला खरोखरच ताट आणायला सांगत होते, तर ती समोर येऊन उभी राहिली.

महिनाभरात मी काठी घेऊन घरापुढच्या खळ्यात फिरू लागले. उजवा पाय थोडा ओढत होता, उजव्या हातात चमचा राहत नव्हता, पण घरात माणूस वावरतंय एवढं तरी दिसू लागलं. समाचाराला येणाऱ्यांची रीघ होती. माणसं प्रेमानं यायची, येताना पेज, शहाळी, देवाचा अंगारा घेऊन यायची. आणि माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल बोलायची, जणू मी भिंतीवरचा फोटो आहे. कळतं का हिला काही? रात्री झोप लागते का? नोकरीचं मग काय करणार? हे सगळे प्रश्न अण्णांना. मी खुर्चीत बसून एकेकाचं तोंड बघत असायची. एखादी बाई जाताना माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं बोलायची, जसं काही माझे कान गेले होते.

असाच एक रविवार होता. एसटी आली, अण्णा स्टँडवर जाऊन वर्तमानपत्र घेऊन आले. आजारपणापासून ते मला बातम्या वाचून दाखवत. पुरवणी उलटताना कोड्याचं पान आलं आणि मी तोंड फिरवलं. ते पान मला बघवत नव्हतं. अण्णांनी ते ओळखलं असावं. पण ते पान बाजूला न ठेवता त्यांनी सुलभाच्या कंपासातली पेन्सिल मागून घेतली, पुरवणी गुडघ्यावर पसरली आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्दकोडं सोडवायला बसले.

ते बघणं म्हणजे शिक्षाच होती. ते एकेक सूचना मोठ्यानं वाचत, डोकं खाजवत आणि पुढच्या सूचनेकडे जात. मग एके ठिकाणी त्यांचा चेहरा उजळला. ‘ओढ्यावर आडवा घातलेला’, तीन अक्षरी. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, धरण.

माझ्या आत काहीतरी उसळलं. आडवा घातलेला! घातलेला! धरण नपुंसकलिंगी, ते घातलेला कसं होईल? चौथीतल्या पोराला मी या चुकीसाठी बाकावर उभं केलं असतं. मी डाव्या हातानं पुरवणीवर चापट मारली. अण्णा दचकले. मी ‘घातलेला’मधल्या ‘ला’वर बोट आपटत राहिले आणि तोंडातून नुसतं “ला, ला, ला” निघत होतं. ते थोडा वेळ माझ्या बोटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “बंधारो?”

मी मान डोलावली. मालवणी ओकाराचा आकार करायला मी पुन्हा बोट आपटलं, तेव्हा त्यांनी ‘बंधारा’ लिहिलं. त्या महिन्यात माझं मत कोणी विचारलं नव्हतं. त्या दुपारी मी निदान एक धरण पाडलं होतं.

त्याच ‘बं’पासून खाली एक उभा शब्द सुटत होता. अण्णांनी वाचलं, ‘गलबतांचं माहेर’. मग पेन्सिल त्या घरावर टेकवून म्हणाले, “तीन अक्षरी. पयलां अक्षर बं.”

आमच्या खळ्यातून ते दिसत नसे, पण ऐकू येई. होड्यांच्या इंजिनांची धडधड, मासळीच्या लिलावातल्या हाका, वारा फिरला की सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास, सगळं तिकडून येई. ते काय आहे हे मला माहीत होतं. माझा जन्म त्याच्या शेजारी गेला होता. शब्द घशाशी होता. अण्णांनी ओठ मिटून, जरा ताणून, पुन्हा म्हटलं, “बं...”

“बंदर,” मी म्हणाले.

स्वच्छ, अख्खं, जागच्या जागी. मलाच ते दुसऱ्या कोणी तरी म्हटल्यासारखं वाटलं. मी पुन्हा म्हणाले, बंदर.  अण्णा पेन्सिलीला टोक करत बसले. टोक आधीपासूनच चांगलं होतं.

मला आज वाटतं, शब्द एकटा असतो तेव्हा तो सापडत नाही. मोकळ्या मैदानात हरवलेल्या वस्तूसारखा तो कुठेही असू शकतो. पण त्याला चार भिंती मिळाल्या, किती अक्षरी ते कळलं, एखादं अक्षर शेजारच्या शब्दाकडून उसनं मिळालं, की तो त्या घरात येऊन बसतो. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत असेलही. आम्हाला ते पडवीत, पेन्सिलीच्या टोकाशी सापडलं. आणि एकदा सापडल्यावर मी ते सोडणार नव्हते.

रविवारची वाट बघणं मला परवडणारं नव्हतं. मी सुलभाला खुणेनं माळ्यावरच्या जुन्या पुरवण्या काढायला लावल्या. आधी आनंद झाला, मग लक्षात आलं की त्यातली सगळी कोडी सोडवलेली होती. माझ्याच हातानं. निळ्या शाईत, न खोडता, टपोऱ्या अक्षरांत. मी त्या बाईकडे खूप वेळ बघत बसले. किती सहज लिहिलं होतं तिनं! एकेक शब्द असा टाकला होता जसे कोंबड्यांना दाणे टाकतात. मला तिचा हेवा वाटला, आणि थोडा रागही आला. मग मी अण्णांना खूण केली. भरलेली घरं त्यांनी पुठ्ठ्यानं झाकायची, सूचना वाचायची आणि मी शब्द सांगायचा. त्या बाईला आलं होतं ते मला यायलाच हवं होतं.

चैत्र आला. काजूच्या बोंडांचा आंबूस वास गावभर पसरला. सकाळी अण्णा एसटीला जायच्या आधी दहा-पाच शब्द व्हायचे, संध्याकाळी ते हातपाय धुऊन आले की पुन्हा बसायचो. सुरुवातीला ते प्रत्येक वेळी पहिलं अक्षर सांगत. मग मी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं तरच सांगायचं असं ठरलं. कधी शब्द भराभर येत, कधी संध्याकाळभर एकही येत नसे, आणि मग मी पुठ्ठा फेकून देई. अण्णा तो उचलून आणत. त्यांनी मला कधी ‘शाबास’ म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. शाबास मी पोरांना म्हणत असे. मला कोणी तरी समोर बसून पुढची सूचना वाचायला हवी होती. ते वाचत.

आंबे तयार होऊ लागले तेव्हा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. त्यांना सगळे हेडबाई म्हणत. सावंतवाडीकडच्या, कडक, पण मनानं सरळ. येताना देवगडहून आलेल्या हापूसची करंडी घेऊन आल्या होत्या. त्या अण्णांशी बोलू लागल्या. जूनमध्ये वर्ग सुरू होणार, बदली शिक्षिका मागवायची तर आत्ताच कळवावं लागेल. बाईंनी पुष्कळ वर्षं नोकरी केली आहे, आजारपणामुळे मुदतीआधी निवृत्ती मिळू शकते. आता त्यांना विश्रांतीच द्या. त्यात काही वाईट हेतू नव्हता. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल माया होती. आणि त्या पूर्ण वेळ अण्णांकडेच बघत होत्या.

अण्णा ऐकून घेत होते. ते साहेबांपुढे किंवा मास्तरांपुढे कधी आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलायला सुरुवात केली.

“तुम्ही तिलाच विचारा, बाई. ती इथेच बसली आहे.”

हेडबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मला सांगायचं होतं की मी निवृत्त होणार नाही, मला पगारापेक्षा तो वर्ग हवा आहे, पोरं हसली तो शेवटचा दिवस म्हणून मला ठेवायचा नाही. एवढं मोठं वाक्य माझ्याकडे नव्हतं. होते ते शब्द मी एकेक करून पुढे ठेवले.

“जून. शाळा. मी.”

 हेडबाई म्हणाल्या की शाळा सुरू होण्याआधी ओरोसला वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे जावं लागेल, त्यांनी दाखला दिला तर त्या माझी वाट बघतील. त्यांनी जाताना माझा डावा हात हातात घेतला. कानाशी येऊन त्या बोलल्या नाहीत.

सुट्टी लागली तसं त्या वर्तमानपत्रानं उन्हाळ्याचं मोठं कोडं छापलं. नेहमीच्या दुप्पट, पानभर. मी जाहीर केलं की हे मी एकटी सोडवणार. जाहीर केलं म्हणजे अण्णांच्या तोंडावर हात ठेवला आणि मग माझ्या छातीवर. त्यांना कळलं. सूचना वाचायलासुद्धा मी त्यांना घेतलं नाही. डाव्या हातात पेन्सिल धरून मी आठवडाभर त्या पानाशी भांडले. घरात आगोटीची, पावसाआधीची कामं चालली होती. खळ्यात आमसुलांसाठी रातांबे फोडून त्यांची सालं मिठात घोळवून वाळत घातली होती, सरपणाची मोळी रचायची होती, पापड व्हायचे होते. जाऊबाई येऊन सगळं करत होत्या. मी एका हातानं जमेल ते करायची, आणि दुसरीकडे डोक्यात घरं मोजत राहायची.

शनिवारपर्यंत एकच शब्द राहिला. ‘कितीही उलटलं तरी जुनं होत नाही’, तीन अक्षरी. दिवस उलटतात, वर्षं उलटतात, पण जुनं काय होत नाही? प्रेम म्हणावं तर अक्षरं कमी. सोनं म्हणावं तर तेच. सागर? आकाश? अर्थ बसत होता, पण मधल्या घराशी जुळत नव्हतं. तिथे ‘पदवीधर’मधला ‘वी’ येऊन बसला होता. वीच्या अलीकडे काय, पलीकडे काय, काही सुचेना. ज्या शब्दासाठी निरोगी माणसाला क्षण पुरला असता त्याच्यापुढे मी तीन दिवस बसले होते. अण्णा समोरून जाता-येता माझ्या पानाकडे बघत आणि काही न बोलता पुढे जात.

शेवटी मी मास्तरणीचा मार्ग धरला. पहिलीच्या पोरांसारखी मुळाक्षरं घेतली आणि एकेकाला ‘वी’ लावून मोठ्यानं म्हणू लागले. कवी. खवी. गवी. हातानं रातांब्यांची सालं उलटत होते, बोटं लालभडक झाली होती, मीठ नखांत शिरून चुरचुरत होतं. चवी. छवी. जाऊबाई चुलीकडून बघत होत्या, त्यांना वाटलं असेल की हिचं आता पुरतंच बिघडलं. तवी. थवी. दवी. धवी. नवी.

नवी. नवीन.

मी हातातलं साल तसंच धरून राहिले. कितीही उलटलं तरी. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, न-वी-न. कोडेकार दिवसांबद्दल बोलतच नव्हता. तो शब्दच उलटून बघायला सांगत होता. मला एवढा आनंद झाला की मी सुलभाला जोरात हाक मारली, “सुपारी!” आणि ती धावत आली. लाल बोटांनीच मी ते तीन घरांत लिहिलं.

संध्याकाळी अण्णा आले. मी पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी प्रत्येक ओळीवरून नजर फिरवली, कचेरीतला कागद तपासावा तशी. मग म्हणाले, “माका ता बुधवारीच गावलला.”

मला खरं वाटेना. मी विचारलं, थांबत थांबत, पण पूर्ण वाक्य विचारलं, “मगे सांगलास कित्याक नाय?”

“तूच नको म्हटलंस मा,” ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

त्यांच्याबरोबर मी पुष्कळ वर्षं संसार केला. पण त्या माणसानं चार दिवस एक शब्द तोंडात धरून ठेवला, माझं कुढणं बघत राहिले आणि तरी बोलले नाहीत, याच्याएवढी दुसरी कुठलीही गोष्ट मला त्यांच्याबद्दल सांगावीशी वाटत नाही.

ओरोसला आम्ही एसटीनं गेलो. आभाळ भरून येत होतं, पण पाऊस अजून पडला नव्हता, आणि रस्त्याकडेच्या नव्या इमारतींवर घाईघाईनं पत्रे टाकणं चाललं होतं. अधिकारी डॉक्टर तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी माझा हात वर करायला लावला, चालायला लावलं, रक्तदाब बघितला. मग टेबलावरच्या वस्तू उचलून दाखवू लागले. पेन. किल्ली. चष्मा. आगपेटी. मी सांगत गेले. मग त्यांनी आपलं मनगट पुढे केलं.

आणि शब्द गेला. पाण्यात पडलेल्या वस्तूसारखा, दिसत असतानाच खाली. घामानं माझी पाठ भिजली. डॉक्टर थांबले, मग मदत करावी म्हणून त्यांनी ओठ उघडले. तेवढ्यात दाराशी बसलेले अण्णा म्हणाले, “थांबा, साहेब. येईल तिला.”

मी डोळे मिटले. समोर कोड्याची घरं आणली. “तीन अक्षरी,” मी मोठ्यानं म्हणाले. “हातात असतं. भिंतीवर असतं. पहिलं... घ.” मग डोळे उघडून म्हणाले, “घड्याळ.”

डॉक्टरांनी मनगट मागे घेतलं.  मग त्यांनी विचारलं की वर्गात असं झालं तर तुम्ही काय कराल. तो प्रश्न कठोर नव्हता, खरा होता. रात्रंदिवस मी स्वतःला तेच विचारत होते आणि उत्तर नव्हतं. तिथे मात्र ते आपोआप तोंडात आलं.

“मुलांना विचारीन.”

त्यांनी दाखला दिला. त्यात एक अट होती की काही दिवसांनी मुख्याध्यापिकांनी वर्गात बसून माझं शिकवणं पाहावं आणि तसा अहवाल पाठवावा.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला माझा खडू हरवला. खडू हातात होता, शब्द हरवला होता. पोरं माझ्याकडे बघत होती. ती मागच्या वर्षीचीच, एक इयत्ता पुढे आलेली. ती शांतता पुन्हा येऊ पाहत होती. मी हात वर करून म्हणाले, “दोन अक्षरी. पांढरा. फळ्यावर झिजतो.” क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग एका पोरीनं सांगितलं, आणि पुढच्या शब्दाला सगळा वर्ग ओरडला. महिनाभरात त्यांना चटक लागली. मी न अडता बोलत राहिले तर ती हिरमुसली होत. काही शब्द अडल्याचं मी नुसतं सोंग करत असे, हे त्यांना कळत होतं आणि तरी ती सांगत. घरी, श्रावणातल्या एका सकाळी, पाऊस आला आणि सुलभा दोरीवरचे कपडे काढायला उठली नाही, तेव्हा मी तिला खरपूस ओरडले. “सुलभा!” ती कपडे काढायचं सोडून तशीच बघत उभी राहिली. सगळे कपडे भिजले.

गणपतीची सुट्टी संपल्यावर हेडबाई वर्गात येऊन बसल्या. शेवटच्या बाकावर, मांडीवर कागद घेऊन. पोरं अंग चोरून बसली होती. मी पावसाची कविता समजावून सांगत होते आणि बोलता बोलता अडले. या वेळी सोंग नव्हतं. फळ्यापाशी उभी राहून मी खिडकीबाहेर बोट दाखवलं आणि ठरवलं की आज काही लपवायचं नाही.

“तीन अक्षरी,” मी म्हणाले. “डोक्यावर असतं.”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग भीत भीत कोणीतरी म्हणालं, आकाश. दुसऱ्या दोघांनी तेच म्हटलं. अक्षरं जुळत होती, पण तो शब्द नव्हता. मला हवा होता तो जड होता, ओला होता, पावसाच्या आदल्या घटकेचा. मी मान हलवली. “मधलं अक्षर भा,” मी म्हणाले. वर्ग विचारात पडला. कोणी छताकडे बघत होतं, कोणी ओठांतल्या ओठांत भा, भा करत होतं. मलाही तो अजून सापडलेला नव्हता. मी वाट बघत राहिले.

“आभाळ,” मागून आवाज आला.

सगळी पोरं गर्रकन मागे वळली. हेडबाईंनी पेन हातात धरलेलं होतं आणि त्या आपल्याच तोंडातून निघालेला शब्द ऐकल्यासारख्या बसल्या होत्या. मग त्यांच्या गालांवर लाली चढली आणि पोरं हसू लागली. मी कोणालाही गप्प केलं नाही. फळ्याकडे वळले आणि डाव्या हातानं तो शब्द लिहिला. अक्षरं वाकडी आली, शेवटचा ळ तर ओळीखाली घसरला. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला, तसाच, घसरलेल्या ळसकट.